फायरवॉल येते, समजावणं येत नाही

शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत सायबर सुरक्षेच्या विद्यार्थ्याला एकदा हा प्रश्न विचारून पाहा. समज, दुपारी तुझ्या आत्याचा फोन आला. आवाज कापतोय. बँकेतून बोलतोय असं सांगून कोणीतरी तिच्याकडून ओटीपी काढून घेतला आणि खात्यातले अठरा हजार गेले. तू तिला पहिलं वाक्य काय बोलशील?

एन्क्रिप्शनच्या पद्धती घडाघडा सांगणारी मुलंही इथे अडतात. बहुतेकांच्या तोंडून निघतं, "अगं आत्या, ओटीपी कशाला सांगितलास?" या वाक्याचा त्या घडीला काहीच उपयोग नसतो, उलट नुकसान होतं. आत्या ओशाळते आणि पुढचं सांगायचं थांबते. घरात कोणाला कळू नये म्हणून संध्याकाळपर्यंत गप्प बसते. तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या खात्यात जाऊन कुठल्या तरी एटीएममधून बाहेर पडलेले असतात. बोलायचं असतं ते एवढंच: "आत्या, घाबरू नकोस, आधी आपण १९३० लावू."

१९३० ही केंद्रीय गृह मंत्रालयाची आर्थिक सायबर फसवणुकीसाठीची हेल्पलाइन. तिच्यावर किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदली की संबंधित बँकांना आणि वॉलेट कंपन्यांना त्या व्यवहाराची सूचना जाते. पुढच्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तर ती रोखून धरता येते. २०२१ पासून ही व्यवस्था चालू आहे आणि तिचं सगळं यश वेळेवर अवलंबून आहे. आत्या पहिल्या तासात बोलली तर आशा आहे, दुसऱ्या दिवशी बोलली तर फारशी नाही. ती बोलेल की नाही, हे समोरच्याच्या पहिल्या वाक्यावर ठरतं. म्हणून नीट बोलता येणं हा सायबर सुरक्षेचाच भाग आहे, आणि तो लॅबमधल्या इतर प्रात्यक्षिकांइतक्याच शिस्तीने शिकवायला हवा. संगणक आणि आयटी शाखेत शिकवणारे प्राध्यापक, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी आणि हा विषय निवडलेले विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे.

आज होतं काय, तर संवादकौशल्य हा विषय पहिल्या वर्षी येतो आणि तिथेच संपतो. मुलाखत कशी द्यावी, गटचर्चेत कसं बोलावं, अर्ज कसा लिहावा, असा त्याचा सगळा रोख नोकरीकडे. पुढे तिसऱ्या-चौथ्या वर्षी क्रिप्टोग्राफी, नेटवर्क सिक्युरिटी, फॉरेन्सिक येतात, तेव्हा त्या विषयाची आणि यांची गाठच पडत नाही. जागतिक पातळीवर मात्र हे अंतर कधीच ओळखलं गेलं. एसीएम, आयईईई आदी संस्थांनी मिळून २०१७ मध्ये सायबर सुरक्षेच्या पदवी अभ्यासक्रमासाठी जी मार्गदर्शक चौकट तयार केली, तिच्या आठ ज्ञानक्षेत्रांपैकी तीन क्षेत्रं माणूस, संस्था आणि समाज यांच्याविषयी आहेत. त्याच्याही आधी, १९९९ मध्ये, अॅन अॅडम्स आणि अँजेला सॅसी या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की कर्मचारी पासवर्डचे नियम मोडतात ते आळसापोटी नव्हे. नियम त्यांच्या कामाच्या रीतीत बसत नाहीत आणि ते का पाळायचे हे कोणी त्यांना सांगितलेलं नसतं. २००९ मध्ये संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी एका निबंधात आणखी टोकदार मुद्दा मांडला. सुरक्षेचे सगळे सल्ले पाळायला माणसाला जेवढा वेळ आणि कष्ट लागतात, त्या मानाने त्याचा फायदा पुष्कळदा कमी असतो. तेव्हा लोक सल्ला धुडकावतात ते शहाणपणानेच, असं त्यांचं म्हणणं. जनजागृतीला निघणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा निबंध वाचावा. वीस सूचनांचं पत्रक वाटण्याआधी हात थबकतो.

नोकरीच्या दृष्टीनेही ही गरज आता कायद्यातच आली आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची खबर लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यावी लागते. सहा तासांत काय घडलं, काय अजून ठाऊक नाही आणि काय केलं, हे नेमक्या शब्दांत लिहिणारा माणूस कंपनीला लागतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ तर सांगतो की संमती मागताना भाषा स्पष्ट आणि सोपी हवी, आणि ती सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याची सोय हवी. त्या भाषांत मराठी आहे. म्हणजे चांगल्या मराठीत सुरक्षेबद्दल लिहू शकणाऱ्या अभियंत्यांची गरज कायद्यानेच निर्माण झाली आहे. ते तयार कुठे होणार, हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांपुढे आहे.

एक प्रसंग वर्गात जरूर घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. चोरांनी एटीएम व्यवहारांची यंत्रणा (एटीएम स्विच) ताब्यात घेतली, बनावट कार्डांवर अनेक देशांतून पैसे काढले, आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तांत्रिक बाजू मुलांना समजावून द्या, मग अर्ध्या वर्गाला खातेदार करा आणि उरलेल्यांना बँकेच्या शाखेतले कर्मचारी. "माझे पैसे गेले का?" या एका प्रश्नाला दोन मिनिटांत खरं, धीर देणारं आणि तरीही काहीही न लपवणारं उत्तर द्यायचं. खातेदाराने काही चूक केली नसताना बँकेची यंत्रणा फुटणं वेगळं आणि खातेदाराला फसवून त्याच्याकडून पैसे काढणं वेगळं, हा फरक ज्याला साध्या शब्दांत सांगता आला, त्याला तो खरोखर समजला. एटीएम स्विचची आकृती फळ्यावर काढणारा विद्यार्थी इथे गडबडला, तर त्याच्या समजुतीतली फट कुठे आहे हे शिक्षकालाही त्याच ठिकाणी दिसतं.

आधी ऐकण्याची तालीम

बोलणं शिकवायचं म्हटलं की आपण मुलांना थेट व्यासपीठावर उभं करतो. सुरुवात उलट्या टोकाकडून करा. दोघा-दोघांच्या जोड्या लावा. एकाने फसवणूक झालेल्याची भूमिका घ्यायची, दुसऱ्याने पाच मिनिटं फक्त विचारायचं आणि ऐकायचं. सल्ला द्यायला बंदी. काय झालं, किती वाजता झालं, पैसे कुठल्या खात्यातून आणि कशाने गेले, यूपीआयने की कार्डाने, समोरच्याचा नंबर कुठला, फोनमध्ये काही नवं अॅप घेतलंत का. तक्रार नोंदवताना हीच माहिती लागते: बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. घाबरलेला माणूस ती ओळीने सांगत नाही. तो जावयाच्या दवाखान्यापासून सुरुवात करतो, मध्येच रडतो, मध्येच स्वतःला दोष देतो. त्यातून कामाचे धागे काढायचे आणि त्याला तुटूही द्यायचं नाही, हे सरावानेच येतं. पाच मिनिटं सल्ला न देता बसणं मुलांना फार जड जातं. म्हणूनच ही तालीम एकदा घेऊन सोडू नये, सत्रभर चालू ठेवावी.

दुसरी तालीम सांगण्याच्या क्रमाची. आपल्या पाठ्यपुस्तकांची सवय अशी की आधी व्याख्या, मग प्रकार, मग उदाहरण. विद्यार्थी गावात गेला तरी त्याच क्रमाने बोलतो: "फिशिंग म्हणजे सोशल इंजिनिअरिंगच्या साहाय्याने संवेदनशील माहिती प्राप्त करण्याचा प्रकार होय." ऐकणाऱ्याचं लक्ष तिथेच सुटतं. हेच असं सांगता येतं: "मोबाईलवर मेसेज येतो, तुमचं लाइट बिल थकलंय, आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा. आपण घाबरून फोन करतो. तो माणूस गोड बोलतो, एक अॅप घ्यायला लावतो आणि दहा रुपये भरायला सांगतो. त्या अॅपमुळे आपल्या फोनचा पडदा त्याला तिकडे बसून दिसत असतो." आधी घटना, मग त्यातली मेख, आणि शेवटी लागलंच तर नाव. वर्गात प्रत्येकाला एकेक विषय द्या आणि व्याख्या न वापरता, ज्याला ते घडलं त्याच्या बाजूने दीड मिनिटात सांगायला लावा. ध्वनिमुद्रण करून त्याचं त्यालाच ऐकवा. शिक्षकाने टीका करण्याची वेळ क्वचितच येते, मुलं स्वतःच कान पकडतात.

भाषेची आणखी एक बाजू. अमळनेरचा विद्यार्थी अहिराणीत बोलला, सावंतवाडीचा मालवणीत, यवतमाळचा वऱ्हाडीत, तर त्याला टोकू नका. प्रमाण मराठीचा आग्रह इथे कामाचा नाही. आपल्या घरच्या बोलीत बोलणाऱ्या मुलापुढे लोक मोकळे होतात, आणि फसवल्या गेलेल्या माणसाचं मोकळं होणं हेच तर आपल्याला हवं आहे.

तिसरी तालीम दबावाची. "डिजिटल अरेस्ट" नावाच्या फसवणुकीत समोरचा पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो, बनावट वॉरंट दाखवतो आणि तासन् तास कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही. अशी अटक आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं. तरी शिकलेसवरलेले, निवृत्त अधिकारी, डॉक्टर यांत फसतात, कारण भीतीपुढे माहिती टिकत नाही. म्हणून इथे माहिती देऊन भागत नाही, प्रतिकाराची सवय अंगी बाणवावी लागते. वर्गात एकाने दरडावायचं, दुसऱ्याने तीस सेकंदांच्या आत "मी जवळच्या पोलिस ठाण्यात जाऊन विचारतो" असं मोठ्याने म्हणून फोन ठेवायचा. ऐकायला हे पोरकट वाटेल. पण मोठ्या माणसाचा, त्यातही खाकी वर्दीतल्या माणसाचा फोन बोलणं अर्धवट तोडून ठेवणं हे आपल्या संस्कारातच बसत नाही, आणि नेमकं तेच ठग वापरतात. या फसवणुकीत "कोणाला सांगू नका" ही अट कायम असते. ती मोडली की सापळा उघडतो. तेव्हा सराव द्यायचा तो फोन ठेवण्याचा आणि घरातल्या एकाला हाक मारण्याचा.

कोणाकडे जायचं आणि कसं

महाविद्यालयांत जनजागृतीचे कार्यक्रम पुष्कळ होतात. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिवस असतो, ऑक्टोबर तर सबंध महिनाच त्यासाठी आहे. पण कार्यक्रम म्हणजे सभागृह, फलक, दीपप्रज्वलन, दोनशे श्रोते आणि पन्नास स्लाइड, हे समीकरण मोडायला हवं. दोनशे जणांच्या सभेत कोणीही उठून "माझे चाळीस हजार गेले" असं सांगत नाही. दहा-पंधरा जणांच्या बैठकीत सांगतात.

त्यासाठी आधीपासून भरणाऱ्या बैठकांत जा. महिला बचत गटाची महिन्याची बैठक, ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र, दूध संकलन केंद्रावरची सकाळची गर्दी, रिक्षा थांबा, आठवी-नववीचा वर्ग. आणि प्रत्येक ठिकाणी विषय वेगळा. शेतकऱ्याला पीएम किसानच्या नावाने येणारी एपीके फाइल, दुकानदाराला पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट, नववीतल्या मुलाला गेममध्ये फुकट नाणी देणारा अनोळखी मित्र, निवृत्त शिक्षकाला शेअर बाजाराच्या टिप्स देणारा व्हॉट्सअॅप गट. जाण्याआधी तिथल्या एका माणसाशी फोनवर बोलून घ्या: लोकांकडे कोणते फोन आहेत, यूपीआय किती जण वापरतात, नुकतं काय घडलंय. हे न विचारता गेलेला विद्यार्थी ज्यांच्याकडे साधा कीपॅडचा फोन आहे त्यांना दुहेरी पडताळणी समजावत बसतो.

बचत गटाची एक बैठक कशी घ्यावी ते जरा तपशिलात सांगतो. दुपारची वेळ, समाजमंदिरात सतरंजी टाकलेली, पंधराएक बायका. दोन विद्यार्थी जातात, त्यांत एक मुलगी असावीच. आधी गटाची बचत गोळा होते, वही लिहिली जाते, कर्जाच्या हप्त्यावरून थोडी बोलाचाली होते. ते सगळं होऊ द्यायचं, मध्ये घुसायचं नाही. मग विद्यार्थिनी विचारते, "ताई, गेल्या महिन्यात कोणाला विचित्र फोन आला होता का?" सुरुवातीला शांतता. मग कोणीतरी शेजारणीचं म्हणून सांगते, आणि हळूहळू कळतं की ते तिचंच आहे. ते पूर्ण ऐकून घ्यायचं. त्यानंतर एकच गोष्ट शिकवायची. दोघं आपापले फोन समोर धरतात आणि एकाकडून दुसऱ्याला एक रुपया पाठवतात. पाठवणाऱ्याच्या फोनवर पिन मागणारं पान येतं. घेणाऱ्याच्या फोनवर काहीच विचारलं जात नाही, नुसता पैसे आल्याचा आवाज होतो. पुन्हा एकदा उलट दिशेने पाठवायचे, यावेळी बायकांना दोन्ही फोन शेजारी-शेजारी धरून पाहू द्यायचे. पैसे येताना पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग "बक्षिसाचे पैसे घ्यायला पिन टाका" म्हणणारा फोन आला तर काय, हे त्याच सांगतात.

शेवटी "समजलं का?" असं विचारू नका. त्याला उत्तर नेहमी "हो" असंच येतं. विचारा, "मावशी, हे उद्या तुमच्या सुनेला तुम्ही कसं सांगाल?" आरोग्यक्षेत्रात रुग्णाला औषधाची माहिती दिल्यावर त्याच्याकडूनच ती परत वदवून घेण्याची पद्धत रूढ आहे, तीच इथे लावायची. मावशींच्या सांगण्यात जिथे घोटाळा होतो, तिथे आपलं सांगणं कच्चं होतं असं विद्यार्थ्याने धरायचं. मग १९३० हा आकडा प्रत्येकीने आपल्या हाताने फोनमध्ये साठवायचा. झालं. एका बैठकीला एवढं पुरे. दुसरी गोष्ट पुढच्या महिन्यात.

मुलांना आधीच बजावून ठेवायच्या काही गोष्टी आहेत आणि त्यांत सूट नको. कोणाचाही फोन स्वतःच्या हातात घ्यायचा नाही. तिने आग्रहाने पुढे केला तरी शेजारी बसून तिच्याच बोटाने करवून घ्यायचं. कोणी पिन टाकत असेल तर मान वळवायची. कोणाच्याही फोनमध्ये कुठलंही अॅप घालून द्यायचं नाही, चांगलं असलं तरी. हजेरीपत्रकावर मोबाईल नंबर, आधार क्रमांक लिहून घ्यायचा नाही. आपली माहिती जपून द्या असं सांगायला आलेल्यांनी तीच माहिती कागदावर गोळा करून न्यायची, हे शोभत नाही, आणि अहवालाला उपस्थितांचा आकडा पुरतो. फोटो विचारूनच काढायचा, आणि जिने आपली फसवणूक सांगितली तिचा तर काढायचाच नाही.

कधी बैठक संपल्यावर कोणी बाजूला घेऊन वेगळंच सांगतं. व्हिडिओ कॉलवरून केलेलं चित्रण दाखवून कोणी पैसे उकळतंय, मुलीचे फोटो कोणी बदलून पसरवलेत. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हे एकट्याच्या अंगावर घ्यायचं नाही. धीर द्यायचा, पुरावे पुसू नका म्हणायचं, पैसे देऊ नका म्हणायचं आणि त्याच दिवशी शिक्षकाला गाठायचं. पुढे पोलिस, लहान मूल असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन. याची तालीमही वर्गात झालेली असावी, कारण असं काही पहिल्यांदा ऐकून आलेलं मूल स्वतःही हादरलेलं असतं. त्याचीही त्या संध्याकाळी विचारपूस करा.

जुना सल्ला हाही धोका आहे. "कलेक्ट रिक्वेस्ट (यूपीआयवरून आलेली पैशांची मागणी) स्वीकारू नका" हे वर्षानुवर्षं प्रत्येक पत्रकात होतं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोयच बंद केली. "कुलपाचं चिन्ह दिसलं की साइट सुरक्षित" हे तर आता चुकीचंच आहे, ठगांच्या साइटलाही ते चिन्ह असतं. उलट रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी राखून ठेवलेला 'डॉट बँक डॉट इन' हा पत्ता, किंवा बँकांच्या अधिकृत कॉलसाठीची १६०० ने सुरू होणारी मालिका, या नव्या गोष्टी लोकांपर्यंत पोहोचलेल्याच नाहीत. प्रत्येक पत्रकावर तयार केल्याची तारीख टाका आणि सत्राच्या सुरुवातीला जुनी पत्रकं विद्यार्थ्यांकडूनच तपासून घ्या. तयार साहित्यासाठी केंद्राच्या आयएसईए या माहिती सुरक्षा जागरूकता प्रकल्पाने बरंच काम केलं आहे. पुण्यात क्विक हील फाउंडेशनच्या उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाच प्रशिक्षण देऊन शाळांत आणि वस्त्यांत पाठवलं जातं. तुमच्या परिसरात असं काही चालू असेल तर नव्याने मांडामांड करण्यापेक्षा त्यांच्याबरोबर जा.

जे ऐकलं ते लॅबमध्ये आणायचं

बाहेर जाण्याचा सगळ्यात मोठा लाभ मला वाटतो तो शिक्षणाचा. विद्यार्थी गावात ऐकतो की वाहतूक चलनाच्या नावाने एक फाइल आली, ती उघडली आणि दोन तासांनी पैसे गेले. हा प्रश्न घेऊन तो लॅबमध्ये येतो. अशा फाइलचा नमुना शिक्षकाच्या देखरेखीखाली, जाळ्यापासून तोडलेल्या संगणकावर उघडून आतला कोड वाचायचा. स्वतःच्या फोनवर नाही. मग दिसतं की हे अॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं आणि आलेला ओटीपी गुपचूप दुसरीकडे पाठवतं. म्हणजे त्या माणसाने ओटीपी कोणाला सांगितलाच नव्हता, आणि "ओटीपी सांगू नका" हा आपला सल्ला त्याच्या कामाचाच नव्हता! अॅन्ड्रॉइडच्या परवानग्यांवरचं प्रकरण पुस्तकातून तीन तास शिकवून जे उतरत नाही, ते इथे एका दुपारी उतरतं. त्यानंतर विद्यार्थ्याने ज्याच्या बाबतीत हे घडलं त्याच्यासाठी एक पान मराठीत लिहायचं: तुमच्या फोनमध्ये काय झालं, आता काय करा. ते पान घेऊन परत जायचं आणि वाचून दाखवायचं.

त्याच पानात बँकेच्या जबाबदारीचा भागही येतो, आणि तो सांगणं ही मोठीच परीक्षा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा फसवणुकीत ग्राहकाने बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर त्याच्यावर तोशीस येत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. नियमांत बदल होत असतात, म्हणून मुलांनी ताजं परिपत्रक शोधून वाचूनच बोलावं. पण एखाद्या किराणा दुकानदाराला हे गिऱ्हाईक सांभाळता-सांभाळता कळेल असं सांगून पाहा. खोटी आशा दाखवायची नाही आणि हक्काचं सांगायचं राहूनही द्यायचं नाही. कायद्याचा पेपर लिहिण्यापेक्षा हे अवघड आहे.

पुढच्या टप्प्यावर संस्थांकडे जाता येईल. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१८ मध्ये 'सिटिझन क्लिनिक' सुरू केलं. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली सामाजिक संस्थांना सुरक्षेचा सल्ला देतात. वकिलीच्या महाविद्यालयांत गरिबांसाठी विधी सहाय्य केंद्र चालतं, त्याच धर्तीवर. पुढे २०२१ मध्ये अशा क्लिनिकांची एकत्र आघाडीही उभी राहिली. आपल्याकडे याला अगदी योग्य जागा म्हणजे तालुक्याची पतसंस्था, शाळेचं कार्यालय, छोटं रुग्णालय. तिथे सुरक्षेसाठी वेगळा माणूस नसतो, संगणकाचा पासवर्ड पडद्यावर चिकटवलेला असतो आणि बॅकअप त्याच संगणकात. विद्यार्थ्यांनी यंत्रणेला हात लावायचा नाही. परवानगीशिवाय स्कॅन करणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली गुन्हा ठरू शकतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा आणि संस्थेची लेखी संमती घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. फक्त विचारायचं, पाहायचं आणि दोन पानांचा अहवाल द्यायचा. अहवालात तीनच सूचना, त्याही व्यवस्थापकाला येत्या सोमवारी करता येतील अशा. तिथली क्लार्क बाई पंधरा वर्षं तीच पद्धत वापरते आहे, तिला कमीपणा न आणता ती बदलायला कसं सांगायचं, हे जमलं तर पुढे कुठल्याही कंपनीत जमेल.

गुण आणि वेळापत्रक

हे सगळं हौसेवर सोडलं तर दोन-चार उत्साही मुलं करतील आणि बाकीची फोटोत उभी राहतील. नव्या शैक्षणिक धोरणामुळे फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट यांना आता श्रेयांक आहेत, ते यासाठी वापरा. एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर असतंच. त्यात एका दुपारच्या व्याख्यानाऐवजी तिघा-तिघांचे गट करून आठवडाभर वस्तीत फिरू द्या. गुण किती बैठका घेतल्या यावर देऊ नका. विद्यार्थ्याचं टिपण पाहा: काय विचारलं, लोक काय म्हणाले, आपलं कुठलं वाक्य कोणालाच कळलं नाही, पुढच्या वेळी काय बदललं. आणि महिन्याने त्याच बचत गटात परत जायचं. काय आठवतंय, मधल्या काळात तसा फोन आला का, आला तेव्हा कोणाला सांगितलंत, एवढंच विचारायचं. यातल्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला मी सर्वांत जास्त वजन देईन. बाई फसली असेल, पण दहा मिनिटांत तिने मुलाला हाक मारली असेल, तर विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.

सुरुवात करायची तर पहिल्या सत्रात वर्गातली तालीम उरका. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्याच गावी, आपल्याच बोलीत एक बैठक घ्यायची आणि टिपण लिहून आणायचं. गणपतीत घरी जाणाऱ्या कोकणातल्या मुलांना ती सवलत गणपतीत द्या. महाविद्यालय उघडलं की पहिले दोन तास दुसरं काही न शिकवता ही टिपणं मोठ्याने वाचून घ्या, आणि दुसऱ्या सत्रातल्या प्रात्यक्षिकांची यादी त्यांतून निघालेल्या प्रश्नांवरून ठरवा.